पावसाची तारीख फुटली!

परीक्षेचा पेपर फुटला तर निदान चौकशी तरी बसते. आमच्या परभणी जिल्ह्यात पावसाळाभर पावसाची तारीख फुटत असते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही! बरं, नुसती तारीख फुटत नाही. तालुक्यासकट फुटते, 'विजा होतील, जनावरं झाडाखाली बांधू नका' या ताकिदीसकट फुटते. सकाळी जिंतूरच्या कुठल्याशा ग्रुपवर येते, मानवतच्या मेहुण्याकडून गंगाखेडच्या साडूकडे जाते, आणि दुपारच्या आत पुण्यात हिंजवडीला एसीत बसलेला पोरगा घरी फोन लावून विचारतो, "आबा, परवा पाऊस हाय म्हणायलेत, सुडी झाकली का?" ज्या पोरानं दिवाळीशिवाय शेताचं तोंड बघितलं नाही, त्याला सोयाबीनच्या सुडीचा एवढा पुळका! आणि आबा कौतुकानं गल्लीभर सांगत फिरतात, लेकरू लांब हाय पर काळजी लई.

पूर्वी माणूस भेटला की 'बरं हाय का' विचारायची रीत होती. ती मोडली. आता मोंढ्यात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत पहिला प्रश्न एकच, "डखाचं काय म्हणणं हाय?" तब्येत, पोरीचं स्थळ, मोटारीची जळालेली वाइंडिंग, सगळं त्याच्यानंतर. मयतीला गेलेली माणसं सावडायच्या दिवशी आभाळ कसं राहील ते तिथल्या तिथं फोनमध्ये बघून घेतात. मला तर बाई लाजच वाटली. मान लांब करून मीही वाचलं, हा भाग वेगळा.

बाहेरगावच्यांना सांगायला हवं. सेलू तालुक्यात गुगळी धामणगाव म्हणून गाव आहे. पंजाबराव डख तिथले. शेतकरी माणूस. आज सोयाबीन-कापूसवाल्या कुठल्याही गावात जा, मंत्र्याचं भाषण कुणी फॉरवर्ड करणार नाही, पण डखांचा अंदाज केल्याशिवाय राहणार नाही. व्हॉट्सॲपवर ग्रुपांचं जाळं, यूट्यूबवर व्हिडिओ. शिवाय त्यांचा फोटो चिकटवून भलत्यांनीच ठोकलेले अंदाज वेगळेच. त्या व्हिडिओंची चित्रं बघा एकदा. पिवळी अक्षरं, लाल बाण, आणि मागं अमेरिकेतल्या कुठल्यातरी चक्रीवादळाचा फोटो. खाली लिहिलेलं, 'पालम, पूर्णा, सोनपेठ सावधान.' पालमला जायला धड गाडी मिळत नाही आणि तिथं अटलांटिक महासागरातलं वादळ येऊन ठेपलंय!

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणून आम्हाला हिणवणारी माणसं आता पाऊस विचारायला परभणीच्याच तोंडाकडे बघतात. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही इतकी वर्षं पुराव्याशिवाय म्हणत होतो. आता पुरावा मिळाला म्हणून जो तो छाती काढून चालतो आहे.

आणि प्रकरण आभाळापुरतं राहिलं असतं तर एकवेळ चाललं असतं. २०२४ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीनं आधी जाहीर केलेला उमेदवार बदलून ऐन वेळी डखांना परभणीतून उभं केलं. २६ एप्रिलला मतदान, डोक्यावर ऊन असं की माणसं सावलीसाठी रांगेत घुसत होती. समोर ठाकऱ्यांच्या शिवसेनेचे संजय जाधव आणि महायुतीकडून महादेव जानकर. गावोगाव एकच कुजबूज, आभाळातलं ज्याला कळतं त्याला मतपेटीतलं कळायला किती वेळ? निकाल लागला. जाधव निवडून आले, जानकर दुसरे, डख तिसरे. पण नव्वद हजारांवर मतं घेतली बरं का, आणि ती कसलाही कारखाना, कसलीही बँक, कसलंही कॉलेज हाताशी नसताना. आमच्या शेजारचे नाना म्हणाले, "मतंबी भाग बदलतच पडली की." म्हणताना स्वतःच इतके हसले की चहा सांडला.

हे 'भाग बदलत' प्रकरण बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. अंदाज साधारण असा असतो: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मराठवाड्यात भाग बदलत जोरदार पाऊस. म्हणजे आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. आणि खाली खुलासा ठरलेला, की शेवटी हा अंदाज आहे, वाऱ्यात बदल झाला की वेळ, ठिकाण, दिशा बदलते. आता मला सांगा, यातून पाऊस सुटेल कसा? पडला तर अंदाज खरा. शेजारच्या गावात पडला तर भाग बदलला. कुठंच नाही पडला तर वारं बदललं. आमच्या ह्यांना मी उशीर झाल्याचं कारण विचारलं तर यापेक्षा कच्चं उत्तर मिळतं.

पण लगेच टाळ्या पिटू नका. पाऊस खरंच भाग बदलत पडतो. मराठवाड्यातल्या पावसाचे ढग हे बऱ्याचदा दुपारच्या उकाड्यानं जागच्या जागी वर चढलेले, चार-पाच किलोमीटरच्या घेराचे. रस्त्याच्या अलीकडची तूर भिजते आणि पलीकडची कोरडी राहते, हे आम्ही डोळ्यांनी बघतो. कोणतं शिवार भिजणार हे दोन दिवस आधी अचूक सांगणं पुण्या-दिल्लीच्या संगणकांनाही जमत नाही. तेव्हा डखांनी खोटं सांगितलं असं कुणाला म्हणता येत नाही, आणि खरं सांगितलं हे सिद्धही करता येत नाही. अशी सोयीची जागा फार थोड्या लोकांना सापडते.

मोंढ्याजवळच्या हॉटेलात गेल्या सोयाबीनच्या हंगामात जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगते. एका टोपीवाल्या बापूंनी बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "डखानं सांगितलं म्हणून रातोरात मळणी केली. दुसऱ्या दिवशी धो धो. वाचलो." कृषीचा डिप्लोमा झालेला पुतण्या शेजारी होता. म्हणाला, "बापू, मागल्या बारीला सांगितलं तवा ताडपत्री टाकून चार दिवस बसलो, थेंब नाही आला. सोयाबीनला आतून वाफ लागली." बापूंनी बशी खाली ठेवली. "मग? झाकलं म्हणून आला नाही त्यो." सगळं हॉटेल मान डोलवायला लागलं. पुतण्या गप्प. डिप्लोमाचं शिक्षण इथंच थांबतं.

तुम्ही म्हणाल, हे बापयांचं झालं. बायकांचं विचारा. एप्रिल-मे म्हणजे वाळवणाचे दिवस. कुरडया, पापड, सांडगे, शेवया. एकेका गच्चीवर जुन्या लुगड्यांवर पांढरं रान पसरलेलं, आणि त्याच दिवसांत अवकाळीचं भूत मानगुटीवर. मग वाळवणाचाही ग्रुप निघाला. गल्लीतल्या एका काकूंनी गव्हाचा चीक घोटायला घेण्यापूर्वी नातवाला फोन उघडायला लावला. फोन म्हणाला, चाळीस टक्के. काकूंनी विचारलं, "चाळीस म्हणजे पास का नापास?" नातू दहावीला. त्यानं आपल्या अनुभवावरून सांगितलं, "पस्तीसला पास असतंय आजी." काकूंनी पास म्हणजे ऊन असं धरून कुरडया घातल्या. दुपारी चारला आभाळ फाटलं. चीक गच्चीच्या पन्हाळीतून खाली अंगणात आला आणि नातू दोन दिवस मामाकडे राहायला गेला.

चाळीस टक्के म्हणजे काय, हे त्या फोननं कधी सांगितलं नाही आणि शाळेनंही नाही. आज आहे तसं आभाळ असलेले दहा दिवस घ्या. त्यातल्या चार दिवशी पाऊस पडतो, सहा दिवशी पडत नाही. एवढंच. चाळीस टक्के जमिनीवर पडेल असं नाही, चाळीस टक्के जोरानं पडेल असंही नाही. मग कुरडया घालायच्या की नाही? ते नुकसान किती यावर ठरवायचं. धुणं असेल तर चाळीसला खुशाल वाळत घालावं, भिजलं तर पुन्हा पिळलं. चार पायल्या गव्हाचा चीक असेल तर वीस टक्क्यांनाही थांबावं. आमच्या काकूंना हे मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग फोन कशाला घेतला? हे तर मह्या सासूलाबी कळत होतं."

आता खरी भानगड ऐका. ही मी हळूच सांगते, कारण गावची अब्रू आहे. ज्या परभणीत माणसं अंदाजासाठी यूट्यूब धुंडाळतात, त्याच परभणीत कृषी विद्यापीठ आहे. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं, आता वसंतराव नाईकांचं नाव असलेलं. त्याला स्वतःची वेधशाळा आहे. हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी तिथूनच येते, आणि ती आम्ही सगळीकडे मिरवतो. तिथं ग्रामीण कृषी मौसम सेवेत बसलेली शिकलेली माणसं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मराठवाड्यासाठी हवामान आणि पीक सल्ला काढतात. पुढच्या पाच दिवसांत पाऊस किती, वारा किती, कापसावर फवारणी करावी की थांबावं, हळदीला पाणी द्यावं की नाही, सगळं मराठीत. फुकट! आणि वाचतं कोण? वाचणारे वाचतात, पण त्याचा स्क्रीनशॉट काढून साडूला पाठवलेला मी तरी बघितला नाही.

का म्हणून विचाराल तर त्या पत्रकाची भाषा बघा. 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता.' आमच्या नानांनी हे वाचून पत्रक घडी घालून खिशात ठेवलं आणि विचारलं, "मंग मह्या रानात हाय का न्हाय?" त्या शब्दांना हवामान खात्याच्या हिशेबात पक्का अर्थ आहे. एखाद्या भागातली पर्जन्यमापक केंद्रं धरायची. त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी', पन्नासपर्यंत 'काही ठिकाणी', पंचाहत्तरपर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', त्याच्या वर 'सर्वदूर'. म्हणजे 'तुरळक' वाचलं की समजायचं, चार गावांत फार तर एका गावाला. किती सरळ! पण ही किल्ली पत्रकासोबत कुणी देत नाही. डख मात्र सरळ सांगतात, या तारखेला येणार, सोयाबीन झाकून ठेवा. चुकलं तरी चालेल, पण कुणीतरी आपल्याशी बोललं.

हवामान खात्याचं आणि लोकांचं तसं कधी फारसं जमलंच नाही. खातं १८७५ चं, दीडशे वर्षांचं झालं. १८८६ साली त्यांनी पहिला मान्सूनचा अंदाज दिला तो हिमालयातला बर्फ बघून. बर्फ जास्त तर पाऊस कमी, असा आडाखा. हे वाचल्यापासून चिंचेच्या झाडाकडे बघून पाऊस सांगणाऱ्या आमच्या म्हाताऱ्यांना मी हसणं सोडलं आहे. पुढं १९८८ मध्ये आपल्या वसंत गोवारीकरांनी सोळा घटक धरून मान्सूनचं प्रारूप मांडलं. मराठी माणसानं पावसाचं गणित मांडलं म्हणून केवढा आनंद झाला होता! बरीच वर्षं ते नीट चाललं. मग २००२ आलं. अंदाज सर्वसाधारण पावसाचा आणि जुलै महिना जवळजवळ निम्मा कोरडा. पुढच्या वर्षी खात्यानं प्रारूप बदललं. चुकलं म्हणून बदललं, हे लक्षात ठेवा. पंचांगानं कुठल्या वर्षी असं केलंय?

पण लोक काही ऐकत नाहीत. २०१७ च्या जुलैत आमच्या शेजारच्या माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावचे शेतकरी थेट दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात गेले आणि हवामान खात्यानं फसवलं अशी तक्रार दिली. चांगला पाऊस सांगितला, आम्ही पेरलं, पाऊस गेला. बियाणं-औषधवाल्यांशी यांचं साटंलोटं आहे, असा आरोप. दुसऱ्या वर्षी परभणीतही एका शेतकरी संघटनेनं तसाच पोलिसांचा रस्ता धरला. फौजदारानं पंचनामा कशाचा करायचा होता देव जाणे. कमी दाबाच्या पट्ट्याला साक्षीला बोलावणार? हसू येतं खरं, पण दुबार पेरणीचं बियाणं ज्याला उधारीवर आणावं लागतं त्याला नाही येत. डखांवर मात्र अशी तक्रार घेऊन गेलेला माणूस मला आमच्या मोंढ्यात भेटलेला नाही. सरकार चुकलं तर गुन्हा, आपला माणूस चुकला तर वारं बदललं.

पंचांगाचा विषय निघालाच आहे तर त्याचीही झाडाझडती घेऊ. मृग लागायच्या आधी जो तो विचारणार, यंदा वाहन काय? बेडूक, म्हैस, हत्ती म्हटलं की चेहरे खुलतात. कोल्हा किंवा मेंढा म्हटलं की बायका तांदळाचा डबा हलवून बघतात. हे वाहन निघतं कसं? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवानं भागायचं, बाकी उरेल ते जनावर. त्यात ना वारा, ना समुद्र, ना बाष्प. भागाकार चुकत नाही म्हणून पाऊस चुकत नाही, अशी समजूत. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला तर अक्षय तृतीयेला घट मांडून दुसऱ्या दिवशी धान्य किती हललं त्यावरून पाऊस, पीक, राजा, परकीय शत्रू सगळ्यांचं भाकीत होतं, आणि वाहिन्यांच्या गाड्या पहाटेपासून तिथं. विद्यापीठाच्या मंगळवारच्या पत्रकाला कॅमेरा घेऊन कोणी आलेलं ऐकलंय?

मोबाइलवरच्या अंदाजांत हे जुने ठोकताळेही नव्या कपड्यात फिरतात. मावळतीला आभाळ तांबडं दिसलं की बहात्तर तासांत पाऊस. दिव्यावर पाखरं जमली की पाऊस. गावरान आंबा लई लागला की दुष्काळ. यातलं सगळंच टाकाऊ नाही. हवेत ओल वाढली, उकाडा वाढला की किडे बाहेर निघतात, हे खरंच. पण पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटभोवती जी पंखवाली झुंबड उडते, ती वाळवी; ती पाऊस झाला म्हणून जमिनीतून निघालेली असते. पाऊस येऊन गेल्यावर पाऊस येणार म्हणून सांगणारे ते किडे! आणि बहात्तर तास का, सत्तर का नाही? माझा अंदाज, व्हॉट्सॲपला तासांत सांगितलं की शास्त्रीय वाटतं. तीन दिवस म्हटलं असतं तर आजीचं वाटलं असतं.

या सगळ्या वेडात एक यंत्र असं आहे ज्याच्याबद्दल खरी खमंग चर्चा चालते, आणि ती मला मनापासून पटते. महावेध प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली. लोखंडी खांब, त्यावर फिरणाऱ्या वाट्या, बाजूला पावसाचं नरसाळं, सौरपट्टी, भोवती तारेचं कुंपण. मंडळ म्हणजे पंधरा-वीस गावं, आणि त्यांचा सगळ्यांचा पाऊस त्या एका नरसाळ्यात मोजायचा. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला तर अतिवृष्टी. त्याच्या आत असेल तर तुमच्या रानात गुडघाभर पाणी असलं तरी कागदावर अतिवृष्टी नाही. म्हणून आता बायाबापड्या मिलिमीटरमध्ये बोलतात. "आमच्या मंडळात बासष्ट दाखवला वो, तीनानं हुकलं." भाग बदलत पडणारा पाऊस नेमका त्या नरसाळ्याचा भाग टाळून गेला की गावात सुतक पडतं. यंत्र कुणाच्या रानाजवळ बसवलंय, त्यावर झाडाची फांदी आलीय का, वाट्यांत पाखरानं घरटं केलंय का, यावर जेवढ्या बैठका झाल्या तेवढ्या ग्रामसभेला झाल्या नाहीत. या चर्चेला मी कुटाळकी म्हणणार नाही. २०२४ च्या आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्याला पावसानं कसं झोडपलं ते आम्ही सोसलंय. एवढ्याशा कुंपणात पडलेल्या पाण्यावर पंधरा गावांचं नुकसान ठरत असेल तर माणसांनी त्या कुंपणाभोवती घिरट्या घालायच्याच.

आता सरकारलाही चेव आलाय. हवामानाचं गणित करणाऱ्या पुण्याच्या संगणकाचं नाव 'अर्क', नोएडाच्या संगणकाचं 'अरुणिका'. जणू जुळ्यांचं बारसं! २०२५ च्या मे महिन्यात सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. त्याआधी चौकट बारा किलोमीटरची होती. त्याच खरिपात केंद्राच्या कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सून केव्हा पोहोचेल याचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अंदाज फोनवर पाठवला. सरकारी मेसेज म्हणजे एक तर केवायसी नाही तर वसुली, अशी आमच्याकडची ठाम समजूत; असल्या मेसेजचं नशीब न उघडताच ठरलेलं असतं. तोच मजकूर एखाद्यानं मिशीवाल्या फोटोसह, मागं विजेचा कडकडाट लावून पाठवला असता तर लग्नाच्या पंगतीत वाचून दाखवला असता.

एक सांगते, हसून सोडू नका. पंधरा दिवसांच्या पुढची तारीख जो छातीठोकपणे सांगतो, तो आभाळ बघत नाही, तुमचं तोंड बघतो. मग ते पंचांग असो, व्हिडिओ असो, नाही तर परदेशी ॲप. एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६३ मध्ये हवेच्या गणितात दाखवलं की सुरुवातीला दशांशातला बारीक फरक राहिला तरी पुढं सगळं चित्र पालटतं. तेव्हापासून दोन आठवड्यांच्या पलीकडं दिवसवार अंदाजाची हमी कुणी शहाणा देत नाही. हंगाम कसा जाईल हे ढोबळ सांगता येतं, २३ तारखेला सेलूत काय होईल हे महिनाभर आधी येत नाही. आणि ज्या गोष्टीचं खरंच वेड लागायला हवं त्याचं लागत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं 'दामिनी' नावाचं ॲप केलंय. आपल्या आसपास वीज पडण्याचा धोका असेल तर साधारण अर्धा-पाऊण तास आधी सांगतं. दरवर्षी आमच्याकडं आखाड्यावर, झाडाखाली, बैलाच्या दाव्याशी माणसं विजेनं जातात. त्या ॲपचं नाव मी मोंढ्यात विचारलं तर एकानं उलट विचारलं, "पिक्चर लागलाय का त्यो?"

डखांवर माझा राग नाही. असला तर तो आपल्याच लोकांवर आहे, की लागलेला अंदाज नातवंडांना सांगतात आणि चुकलेला त्याच दिवशी विसरतात. ज्या घरात उधारीची वही तीस वर्षांची जपून ठेवलेली असते, त्या घरात अंदाजाची एक वही असू नये? डावीकडं कोण काय म्हणाला, उजवीकडं आपल्या रानात काय झालं. डख, खातं, फोन, पंचांग, वाळवी, सगळ्यांना एकाच वहीत बसवा. एका पावसाळ्यात कळेल कोणाला चहा पाजायचा.

पेरणीचं तर त्याहून सोपं आहे. विद्यापीठ दरवर्षी तेच सांगतं: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय आणि वापसा आल्याशिवाय तिफण धरू नका. त्याला येणाऱ्या पावसाचा अंदाज लागत नाही, आलेला पाऊस मोजावा लागतो. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा कुठलाही डबा घ्या, तोंडाशी निमुळता नको. झाडापासून, भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवा. रोज सकाळी आत पट्टी धरून मोजा आणि लिहून पाणी ओतून द्या. पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. डबा केवढाही रुंद असला तरी हिशेब तोच. यंदाच्या मृगाला हे करा, आणि बेरीज पाऊणशेच्या आत असेल तर मेहुण्याचा कितीही तातडीचा मेसेज आला तरी बियाण्याची पिशवी फोडू नका.